कोणत्या सालची जीप?

जुनी लष्करी जीप पुन्हा उभी केली आहे असे सांगितले की ऐकणारा साधारणतः दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा ती लिटरमागे किती किलोमीटर चालते याचा. दोन्हींची उत्तरे मी हसून टाळतो. ती घरच्यांच्या कानांवर न गेलेली बरी. तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही, आणि या छंदातील खरी अडचण त्या तिसऱ्या प्रश्नातच आहे. जुने वाहन 'पूर्ववत' करायचे, म्हणजे त्याच्या आयुष्यातील नेमक्या कोणत्या वर्षी त्याला परत न्यायचे?

तुम्ही साहित्याचे विद्यार्थी आहात, त्यामुळे हा प्रश्न तुम्हांला अगदीच अनोळखी वाटणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलांतून आलेले पाठ होते. कोणती ओवी मूळची, कोणती मागाहून शिरलेली, कोणता शब्द लेखकाचा आणि कोणता नकलकाराचा, हे ठरविल्यावाचून त्यांना पुढे जाता येणे शक्य नव्हते. मी आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकविले आणि हा विषय विद्यार्थ्यांना अनेकदा समजावून सांगितला. परंतु पाठचिकित्सा म्हणजे काय, हे मला हाताने कळले ते एका गंजलेल्या पत्र्यावर पॉलिश पेपर घासताना.

प्रथम या वाहनाचा थोडा पूर्वेतिहास सांगतो. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकी सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या टेहळणी वाहनासाठी एकशे पस्तीस कारखान्यांकडे मागणी पाठविली. पहिला नमुना तयार करण्यास अवधी होता अवघा एकोणपन्नास दिवसांचा. अमेरिकन बॅन्टम या पेनसिल्व्हेनियातील छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून तो सप्टेंबरमध्ये वेळेत हजर केला. परंतु ही चिमुकली कंपनी सैन्याची अफाट गरज भागवू शकणार नव्हती. त्यामुळे तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या दोघांनाही दाखविण्यात आले. अखेरीस विलीजचा नमुना प्रमाण ठरला आणि तीच जीप फोर्डनेही बनविली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. साठ अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन, पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली, दरवाजे नाहीत, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. हेडलाइट तर एका पकडीवर असे बसविलेले की ते उलटे फिरविले म्हणजे रात्री इंजिन दुरुस्त करणाऱ्यास उजेड मिळावा. ज्याने हे वाहन कल्पिले, त्याने ते अंधारात, चिखलात आणि घाईत बिघडणार हे गृहीत धरले होते.

युद्ध संपल्यावर या जीप जगभर जेथे होत्या तेथेच विकल्या गेल्या. भारतात आसामच्या लेडोपासून ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि त्या आघाडीमागच्या तळांवर त्या मोठ्या संख्येने वापरल्या गेल्या होत्या. पुढे त्या चहाच्या मळ्यांत, जंगल खात्यात, कंत्राटदारांकडे, जमीनदारांकडे गेल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच येथे विलीज जीपची जोडणी सुरू केली. तेव्हापासून 'जीप' हा शब्द इतका मराठी झाला की तो परका आहे हेच आपण विसरलो. वऱ्हाड, साखर कारखान्याचा चेअरमन, निवडणुकीचा भोंगा, साथीच्या काळात येणारा डॉक्टर, या सर्वांना आपल्या ग्रामीण कथा-कादंबऱ्यांतही जीपनेच आणले आहे.

माझ्याकडे आलेली जीप कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातील गोठ्याच्या आडोशाला उभी होती. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. आमच्या भागात खाजगी प्रवासी वाहतुकीला वडाप म्हणतात; ही जीप सुमारे वीस वर्षे वडापला चालली होती. पेट्रोल परवडेनासे झाल्यावर तिचे मूळ इंजिन काढून मटाडोरचे डिझेल इंजिन बसविलेले होते. सहा व्होल्टची विद्युतयोजना जाऊन बारा व्होल्टची आली होती. मागे आमनेसामने दोन लांब बाकडी होती. आणि सर्वांत मोठा फेरफार म्हणजे तिचा मागचा पत्रा कापून तेथे एक छोटे दार आणि त्याखाली लोखंडी पायरी केलेली होती. युद्धकाळातील जीपला मागे दार नसे. तो पत्रा अखंड असे आणि त्यावर स्टेपनी व पेट्रोलचा डबा बसविलेला असे. येथे मात्र स्टेपनी बाजूला टांगली होती, कारण मागून माणसे चढायची होती.

मालक नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्नीने व्यवहार पुरा केला. पैसे पदरात बांधताना त्या एवढेच म्हणाल्या, "सर, हिच्यावरच दोन पोरींची लग्नं झाली आन् पोरगं इंजिनियर झालं. नीट ठेवा म्हंजे झालं."

नीट ठेवा! या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात माझी पुढची सहा वर्षे गेली.

काम केवळ रविवारी होई. तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराची नोकरी किंवा शेती सांभाळून रात्री अभ्यासाला बसत असाल. तेव्हा तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या वेळात एखादे मोठे काम पुढे रेटणे म्हणजे काय, हे तुम्हांला निराळे सांगण्याचे कारण नाही. पहिले चार महिने केवळ खोलण्यात गेले. प्रत्येक नट-बोल्ट डब्यात घालून वर चिठ्ठी लावायची, प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घ्यायचे. मग रंग. सर्वांत वर पांढरा होता आणि त्यावर कोणत्याशा पक्षचिन्हाचा अर्धा आकार. त्याखाली निळा. निळ्याखाली गडद हिरवा, आणि अगदी तळाशी सैन्याचा तो मळकट, करडा-हिरवा रंग. बॉनेटच्या बाजूस त्या तळच्या रंगावर पांढऱ्या आकड्यांचे अवशेष दिसले. दोन आणि शून्य हे पहिले दोन आकडे स्पष्ट होते, पुढचे पुसट. अमेरिकी सैन्याच्या जीपचे क्रमांक याच दोन आकड्यांनी सुरू होत असत. त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत तो पत्रा पाहत बसलो होतो.

असा पुरावा हाती लागला की माणसाला मूळ संहितेचा मोह पडतो. वरचे सगळे थर प्रक्षिप्त. ते खरवडून टाकावेत आणि १९४३ ची जीप जशीच्या तशी उभी करावी, असे वाटू लागते. माझेही तसेच झाले. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारांत फिरून मी तिचे मूळ जातीचे पेट्रोल इंजिन मिळविले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचा लेथ आहे, त्या चाचांकडून किंगपिनचे बुश आणि पाट्यांच्या शॅकलच्या पिना बनवून घेतल्या. नवा भाग बाजारात मिळत नाही असे म्हटले की चाचा म्हणत, "सर, ज्यानं पहिला बनवला त्यालाबी दोनच हात होते." आपल्या राज्यातील हा छंद अशाच हातांवर उभा आहे. परदेशांतील हौशी लोक सूचीपत्र पाहून सुटा भाग मागवितात. आपल्याकडे जुना तुकडा रुमालात बांधून लेथवाल्याकडे न्यावा लागतो.

परंतु 'मूळ' शोधता शोधता मला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. विलीजच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा चौकोनी घडीचा. माझ्या चासीचा दांडा गोल, म्हणजे ती विलीज. परंतु फोर्डने आपल्या प्रत्येक सुट्या भागावर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही, आपल्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर उमटविले होते, आणि तसली अक्षरे माझ्या जीपवर ठिकठिकाणी सापडत होती. कोणीतरी, केव्हातरी, दोन जीपची एक जीप केली होती. यात नवल काहीच नाही. दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांना बसावेत ही मुळातच सैन्याची अट होती. आघाडीवरच्या कार्यशाळेत मोडक्या जीपचा सांगाडा चालत्या जीपला उपयोगी पडे. म्हणजे कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावर काही महिन्यांतच यातील कित्येक जीप 'मूळ' राहिल्या नव्हत्या. ज्या निर्मळ आरंभबिंदूकडे मी निघालो होतो, तो कदाचित युद्ध चालू असतानाच हरवला होता.

तरीही मागच्या दाराचा निर्णय शिल्लक होता. जाणकार मित्रांचे मत स्पष्ट होते: दार काढा, नवा अखंड पत्रा जोडा, पायरी भंगारात द्या. पत्रा कापून तयारही होता. मी मात्र वेल्डिंगचे काम या रविवारचे त्या रविवारवर ढकलीत राहिलो.

त्याच सुमारास शेजारच्या गावातील एक वृद्ध माजी सैनिक जीप पाहण्यासाठी आले. त्यांना सगळे आबा म्हणत. वय शहाऐंशी. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत वाहनचालक होते. त्या आघाडीवर आपल्या भागातील पुष्कळ माणसे होती. तेथील पराक्रमासाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला हे तुम्ही वाचले असेल. आबांना पदक मिळाले नव्हते. त्यांनी कधी कोणाला युद्धाच्या गोष्टीही सांगितल्या नव्हत्या, असे त्यांचा नातू म्हणाला. ते जीपभोवती एक फेरी मारून आले आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

"ह्याच्यावर स्ट्रेचर आडवं बांधायचो," ते म्हणाले. "वरती जखमी माणूस. डोंगरातला रस्ता. लई हळू न्यायला लागायचं, सर. धक्का बसला की ते वरडायचं."

मग त्यांना आत बसावेसे वाटले. जीपला दरवाजा नसतो. बाजूचा पत्रा गुडघ्याच्या वर येतो आणि पाय उचलून तो ओलांडावा लागतो. आबांना ते जमेना. नातवाने उचलून बसवितो म्हटले, तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हणून खुणावले. ते काठी टेकीत मागे गेले, वडापच्या पायरीवर पाय ठेवला, दाराला धरले आणि स्वतःच्या बळावर आत जाऊन बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

मित्रहो, त्या संध्याकाळी मी नवा पत्रा भिंतीला लावून ठेवला. तो आजही तेथेच आहे. १९४३ मधील एका माणसाला स्वतःच्या आठवणीत चढून बसण्यासाठी पायरी हवी होती, आणि ती पायरी एका वडापवाल्याने आपल्या उतारूंसाठी केलेली होती. तिला मी प्रक्षिप्त कसे म्हणणार?

पुढे माझ्या वाचनात आले की या प्रश्नाचा विचार इतरांनीही केला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तुरीन सनद स्वीकारली. तिच्यातील एक तत्त्व असे आहे की वाहनाच्या नित्य वापराच्या काळात त्याच्यात झालेले बदल हे त्याच्या इतिहासाची साक्ष होत. म्हणून ते जपावेत. वाहन त्याच्या निर्मितीच्या दिवशी जसे होते तसेच करणे आवश्यक नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. तेथे मात्र वाहन मूळ रूपात असावे आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अपेक्षा आहे. सनद आणि नियम यांचा रोख एकच नाही. संपादकाने त्या दोहोंमध्ये उभे राहून आपला विवेक वापरायचा असतो.

माझ्यापुरते उत्तर मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताने दिले. १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले ते काम तुम्हांला ठाऊक असेल. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून एक संहिता सिद्ध केली. परंतु जे वगळले ते फेकून दिले नाही. पाठभेद पानाच्या तळाशी आले, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत गेले. वाचकाला वरची संहिता वाचता येते, आणि डोळे खाली वळविले तर शतकानुशतकांच्या लोकांनी त्यात काय भर घातली हेही दिसते. निवड करायची, पण निवडीचा पुरावा नाहीसा करायचा नाही, ही त्या ग्रंथाची शिस्त आहे.

मी जीपला हीच शिस्त लावली. इंजिन पेट्रोलचे बसविले. परंतु डिझेल इंजिनाचा क्रमांक, ते कधी बसले आणि मी ते कधी काढले, हे एका वहीत नोंदले आहे. रंग सैन्याचा दिला. परंतु डॅशबोर्डखालचा वीतभर पत्रा तसाच सोडला आहे, तेथे चारही थर एकाशेजारी एक दिसतात. चाचांनी केलेल्या प्रत्येक नव्या भागावर साल कोरले आहे, म्हणजे उद्याच्या माणसाला तो जुना वाटू नये. बॉनेटवरचे जेवढे आकडे दिसले तेवढेच रंगविले. पुढचे आकडे कल्पनेने भरले नाहीत. मागचे दार आणि पायरी कायम आहे, स्टेपनी बाजूलाच आहे.

बंदूक मात्र नाही. या छंदात जीपवर नकली मशीनगन बसविण्याची हौस अनेकांना असते, आणि मेळाव्यांत तशा जीपपुढे छायाचित्रांसाठी गर्दीही होते. मी कोणाच्या हौसेला नाव ठेवीत नाही. परंतु लष्करी वाहन जपणे म्हणजे युद्ध सजविणे नव्हे, असे मला आबांच्या त्या तळहाताने शिकविले. त्यांच्या स्मरणातल्या जीपवर बंदूक नव्हती. विव्हळणारा माणूस होता.

आता ती कशी चालते तेही सांगितले पाहिजे, कारण उभे राहिलेले वाहन हा अर्धाच अर्थ. पहिला गिअर टाकताना चाके पुरती थांबलेली असावी लागतात, नाहीतर दाते कडकडतात. पन्नास-पंचावन्नच्या वेगाला इंजिन समाधानाने गुणगुणते. त्यापुढे वारा, पत्रा आणि पाटे मिळून इतका गलका करतात की शेजारच्याशी बोलणे संपते. ब्रेक आजच्या वाहनासारखे तत्पर नाहीत, म्हणून पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर राखायचे. सुकाणू डावीकडे. आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ असा की पुढे ट्रक असला तर समोरून काय येते आहे हे चालकाला दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने पाहून "चला" म्हणायचे, आणि चालकाने त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे व्हायचे. माझी पत्नी हे काम करते. ती "थांबा" जास्त वेळा म्हणते.

काम पुरे झाल्यावर मी प्रथम त्या खेड्यात गेलो. मावशी अंगणात आल्या, रंगाकडे पाहून क्षणभर थबकल्या. "वळखू आली नाही," त्या म्हणाल्या. मग मागे गेल्या, दाराची कडी काढली, पुन्हा लावली. ती कडी त्यांच्या मालकांनी स्वतः ठोकलेली होती. "ही ऱ्हायली व्हय!" एवढे म्हणून त्यांनी आम्हांला चहासाठी आत बोलाविले.

तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल: आजीचे जाते, आजोबांची सायकल, पत्र्याची पेटी, एखादी हस्तलिखित पोथी. कधीतरी ती नीट करावी असे तुम्हांला वाटेल, आणि ते चांगलेच आहे. हात लावण्यापूर्वी एवढेच विचारा की ही वस्तू कोणकोणाच्या उपयोगी पडली, आणि त्यांतील कोणाची खूण आपण पुसणार आहोत. काही खुणा पुसाव्या लागतील. सगळेच थर राखून कोणतीही वस्तू पुन्हा चालत नाही. मात्र जे काढाल ते काढण्यापूर्वी लिहून ठेवा, तारीख घाला, आणि ती वही त्या वस्तूजवळच ठेवा. माझी वही जीपच्या मागच्या अवजारांच्या कप्प्यात आहे. माझ्यानंतर ही जीप ज्याच्या हाती जाईल, त्याला माझे निर्णय पटले नाहीत तर ते फिरविण्यासाठी लागणारी सर्व माहिती तीत आहे.